चार रंगांचं कार्ड

माझ्या भावाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. हे एक लपवण्यात आमच्या घराची कितीतरी वर्षं गेली, आणि आता मला लपवालपवीचा वीट आलाय. भाऊ म्हणजे सख्खा, माझ्याहून मोठा. आमच्याकडे मोठ्या भावाला भाऊच म्हणतात, दादा-बिदा म्हणत नाहीत. तो आता नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, संगणकाच्या आत बसणाऱ्या दोन कार्डांची तुलना करण्यात त्यानं जे दिवस घालवले, ते मला त्याच्या लग्नापेक्षाही जास्त आठवतात.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाला लागून. मायबाप मजूर. मिरचीच्या दिवसांत निम्मं गाव सिरोंच्याकडे मिरची तोडायला जायचं आणि आम्ही दोघं पोट्टे मायच्या मागं. पिकलेली लाल तेवढी तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची, एवढं साधं काम. भावाच्या टोपल्यात मात्र दोन्ही सारख्याच. मालकानं ते टोपलं बांधावर उपडं केलं आणि तेलुगूत जे बोलला, ते समजायला तेलुगू यायची गरज नव्हती. मायनं भावाच्या पाठीत धपाटा घातला. तिला वाटलं, पोट्टा कामचोर आहे. मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, तिनं एक लाल मिरची नि एक हिरवी मिरची त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "यातली पिकली कोनती?"

भाऊ या हाताकडे पाहे, त्या हाताकडे पाहे. मी शेजारी उभा राहून हसत होतो. मला वाटलं मस्करी करतोय. मायचा चेहरा पाहिला तेव्हा हसू थांबलं.

माय हिकमती बाई. तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि मिरची हातात दिली. "पिकलेली बोटाले नरम लागते. देठापाशी लवते. हिरवी टणक राह्यते. पाहू नको, चाचप." दोन दिवसांत भाऊ माझ्यापेक्षा भरभर तोडायला लागला. पण हे कोणाला सांगायचं नाही, अशी मायनं आम्हाला तंबी दिली. लोकं आंधळा म्हणतील, पोरगी कोण देईन, नोकरी कोण देईन. तिचं काही चुकलं नव्हतं.

फागुनात आमचं रान पळसानं पेटतं. भावाला त्यात नुसतं रान दिसायचं. निळा मात्र त्याला स्वच्छ दिसे. बुद्धविहारावरच्या झेंड्यातली निळी पट्टी तो लांबून बोटानं दाखवायचा आणि लाल-केशरीपाशी आला की गप्प व्हायचा. मग मी हळूच सांगायचो. आयुष्यभर मी त्याला रंग सांगत आलो. वहिनीला हे लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात कळलं, त्यानं पिशवीभर कच्चे टमाटे आणले तेव्हा. ती आधी पोट धरून हसली आणि मग तीही आमच्यासारखी गप्प राहायला शिकली.

पुढं आम्ही दोघं चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत लागलो. भूमिगत खाण. भाऊ आयटीआय केलेला, इलेक्ट्रिशियन म्हणून. मी कोळसा भरणारा. डोळे तपासायला ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक असायचं. ठिपक्यांत आकडा दडलेला, रंग ओळखला तर दिसतो. ओळखीच्या कंपाउंडरनं ते पुस्तक एका दुपारी आमच्या हाती दिलं. मी पानामागून पान वाचलं, भावानं पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी धडाधड म्हणून दाखवलं. डॉक्टरनं मान वर करून पाहिलंही नाही. वायरींचं म्हणाल तर भाऊ रंगावर विसंबायचाच नाही. प्रत्येक वायरीला टेस्टर लावल्याशिवाय त्याचा हात पुढं जात नसे. लोकं म्हणायचे, काय चिकट माणूस आहे बावा! आम्हाला कारण ठाऊक होतं.

मग कोळशाची गाडी रुळावरून घसरली आणि त्याचा उजवा पाय तिच्याखाली आला. पाय वाचला, पण लंगडा झाला. खाली उतरणं संपलं. त्याला वर गॅसच्या खोलीत बसवलं. खाली ठिकठिकाणी गॅस मोजायची यंत्रं लावलेली होती. त्यांच्या तारा वर यायच्या, नि या खोलीत घड्याळासारख्या बारा तबकड्यांवर काटे फिरायचे. काटा धोक्याच्या खुणेपुढं गेला की खाली फोन लावायचा आणि माणसं बाहेर काढायची. काटे वाचायला रंग लागत नाही. भाऊ तिथं सुखात होता. मी खाली असायचो, तो वर. घरी आलो की म्हणायचा, "आज तुयाकडं हवा बरी होती." त्याचा हात डोक्यावर असल्यासारखं वाटायचं मला. खरं सांगतो.

त्या तबकड्या काढून संगणक बसवायचा ठरला, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. भाऊ मात्र खूश. त्याला त्या यंत्राचा भारी नाद होता. सुटीच्या दिवशी नागपूरला जाऊन त्यानं संगणकाचा वर्ग केला होता, लंगडत लंगडत, एस.टी.त उभं राहून. म्हणून मॅनेजर साहेबांनी त्यालाच बोलावलं. नागपूरच्या दुकानदारानं एकाच संगणकासाठी दोन तऱ्हेची कार्डं देऊ केली होती. कार्ड म्हणजे डब्याच्या आत खोचायची एक पट्टी. पडद्यावर चित्र कसं दिसेल ते ती ठरवते. एक कार्ड एकरंगी, एक रंगीत. प्रत्येकाचा पडदा वेगळा. दोन्हींची तुलना करून तक्ता दे, म्हणाले साहेब.

तो घरी आला तो डोळे चमकवतच. "बाबू, बस इथी," म्हणाला. मला तो बाबूच म्हणायचा. पण त्यानं दुकानदाराची माहितीपत्रकं जमिनीवर पसरली नि वहिनीनं विचारलं, "रंगीत आलं त तुमचं कसं?" तेव्हा त्याचा आवाज खाली आला. रंगीत पडदा आला तर तो त्या खोलीत बसू शकत नव्हता. लंगडा पाय घेऊन खालीही जाऊ शकत नव्हता. मग उरलं काय? सरकत्या पट्ट्यावर उभं राहून कोळशातले दगड निवडणं. त्या धुळीत टिकलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता. आणि वर डोळ्यांची खोटी परीक्षा उघडी पडली असती ती वेगळीच.

"एकरंगीच येईन," भाऊ म्हणाला. "कारन तेच चांगलं आहे. मायासाठी नाई, कामासाठी चांगलं आहे. पाहा तू."

आणि त्यानं दाखवलं. एकरंगी कार्डात पडद्यावर आडवे सातशे वीस ठिपके आणि उभे तीनशे अठ्ठेचाळीस. रंगीत कार्डात चार रंग हवे असतील तर आडवे तीनशे वीस, उभे दोनशे. चारांतला एक काळाच. गुणाकार करून त्यानं सांगितलं, एकरंगीत जवळजवळ चौपट ठिपके मावतात. आकडा लिहायचा तर एकरंगीत एका अक्षराला नऊ बाय चौदा ठिपक्यांची जागा, रंगीतमध्ये आठ बाय आठ. तीन आणि आठ लांबून सारखेच दिसतील. स्मृती म्हणजे चित्र साठवायची जागा, ती एकात चौसष्ट किलोबाइट, दुसऱ्यात सोळा. एकात दोन पूर्ण चित्रं राहतात, दुसऱ्यात एकच कसंबसं. मला यातलं निम्मं कळलं. पण त्याचं बोट कागदावर फिरत होतं आणि मी मान हलवत होतो.

मग तो थांबला आणि आणखी एक ओळ लिहिली. रंगीतचं पूर्ण चित्र सोळा हजार बाइटचं, एकरंगीचं एकतीस हजारांचं. म्हणजे कागदावर पाहिलं तर रंगीत कार्ड चित्र दुपटीनं लवकर बदलणार.

"हे कायले लिवतं?" मी ओरडलो. "तुले काय साहेबानं विचारलं काय? खोड ते!"

"खरं आहे ते. खोडू कसा?"

"अबे, नोकरी तुयी जाऊन राह्यली!"

"गॅस काई धावत येत नाई बाबू," तो शांतपणे म्हणाला. "काटा हळूहळू चढते. चित्र एका सेकंदानं बदललं काय आनि दोन सेकंदानं बदललं काय. ह्या वेगाचा इथी उपयोग नाई. तेही लिवतो खाली."

हा असा होता. डोळ्यांची परीक्षा पाठ करून पास झालेला माणूस, आणि तक्त्यात एक खरी ओळ खोडायला तयार नाही. मला असा राग आला! वहिनी चुलीपाशी बसून डोक्याला हात लावून म्हणाली, "घ्या आता. यायच्यासारखा हरिश्चंद्र तालुक्यात नाई."

रविवारी त्यानं माझ्याकडून तालीम करून घेतली. मी खाटेवर मॅनेजर साहेब होऊन बसलो, वहिनीनं मला चहा आणून दिला आणि पोरं खिदळायला लागली. मी साहेबाच्या आवाजात विचारलं, "मग धोका ओळखायचा कसा तुमच्या या बिनरंगाच्या पडद्यावर?" भाऊ ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, हवा बरी असली तर खांब पोकळ. वाढली तर खांबात तिरप्या रेघा. धोका झाला तर खांब भरीव आणि उघडझाप. शिवाय खाली आकडा मोठ्या अक्षरात." मी उठून टाळ्या वाजवल्या. त्याच्या धाकट्या पोरीनंही वाजवल्या, तिला काही कळलं नव्हतं.

मॅनेजर साहेबांना तक्ता आवडला. मान हलवून म्हणाले, एकरंगी घेऊ. त्या दिवशी घरी मटण शिजलं. पण आठवडा जात नाही तोच नागपूरहून मोठे साहेब आले. त्यांनी दुसरीकडं कुठंतरी रंगीत पडदा पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात बसला होता. तक्ता त्यांनी उघडला आणि मिटला. म्हणाले, "खतरा लाल दिखना चाहिए." संपलं. चौपट ठिपके गेले उडत.

भावानं तरी हात टेकले नाहीत. दुकानदाराची पुस्तिका त्यानं घरी आणली आणि तिच्यातली मुंगीएवढी अक्षरं वाचत बसला. तिथं त्याला सापडलं की या कार्डात चार-चार रंगांचे दोन ठरीव संच आहेत. एका संचात काळ्याबरोबर हिरवा, लाल आणि तपकिरी. भावासाठी हे तिन्ही म्हणजे एकच मातकट. दुसऱ्या संचात काळ्याबरोबर आभाळासारखा निळसर, गुलाबी-जांभळा आणि पांढरा. दुकानदाराचा माणूस संगणक जोडायला आला तेव्हा भावानं त्याच्याकडून हा दुसरा संच पडद्यावर लावून घेतला. घरी आला तो रडवेला होऊन हसत. "दिसते बाबू! तिन्ही वेगळे दिसते!" वहिनीचा हात धरून त्यानं पुन्हा तेच सांगितलं. नवरा-बायकोला असं आमच्यासमोर हात धरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं मॅनेजर साहेबांकडे विनंती केली, डोळ्यांना त्रास कमी होतो म्हणून दुसरा संच लावावा. निळसर म्हणजे ठीक, गुलाबी म्हणजे धोका. मी पगाराच्या रांगेत उभा होतो, आतलं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. ऑफिसात हशा पिकला. "गुलाबी धोका? खाण आहे का लग्नाचा मांडव?" कोणीतरी म्हणालं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "अरे, खाणीत झेंडा लाल, दिवा लाल, पाटी लाल. खाली उतरणाऱ्या माणसाला लाल म्हटलं की पाय मागं घ्यायची सवय आहे. उद्या दुसरा कोणी त्या खुर्चीवर बसला, त्यानं गुलाबी म्हणजे काय समजायचं?" बरोबरच होतं त्यांचं. मीही लाल झेंडा दिसला की तसाच थबकायचो. भाऊ "हव साहेब" म्हणून बाहेर आला आणि माझ्याकडे न पाहता गेला.

पडदा लागला. बारा चौकोन, प्रत्येकात एका ठिकाणचा गॅस. हिरवा, मग तपकिरी, मग लाल. खाली बारीक अक्षरात आकडा. भाऊ आकडे वाचून निभावून नेऊ लागला. मी त्याला धीर द्यायचो. "चाललंच आहे ना? मग चालू दे. जीव कायले टांगतं?"  घरी आला की डोळ्यांवर ओला फडका ठेवून पडून राहायचा. वहिनी चिडचिडी झाली. आमच्या जेवणाला मीठ लागेनासं झालं.

एके दिवशी दुपारच्या पाळीला निघालो होतो. दिवा कमरेला लावला आणि भावानं खोलीच्या दारातून हाक मारली. दुकानदाराचा माणूस आत काहीतरी तपासत बसला होता. भाऊ म्हणाला, "इकडं ये. तुया चौकोन पाहा. कोनता रंग आहे?"

माझी जागा सातव्या चौकोनात. मी म्हटलं, "हिरवा."

त्यानं त्या माणसाला खूण केली. त्यानं कळ दाबली. "आनि आता?"

"लाल," मी म्हटलं.

भाऊ पडद्याकडे पाहत होता. मग त्यानं हात पुढं करून त्या काचेवर बोटं फिरवली, सातव्या चौकोनावर, वरून खाली. मला मिरचीचं शेत आठवलं. काचेला काय नरम आणि काय टणक!

दुकानदाराचा माणूस बाहेर बिडी प्यायला गेला. मी भावाला म्हटलं, "आकडा वाच ना भाऊ. आकडा तर लिवला आहे."

"वाचतो. एकामागून एक वाचतो. बारावा वाचून परत पहिल्यावर येतो. ऊन पडलं खिडकीतून त परत वाचा लागते." तो माझ्याकडे वळला. "बाबू, तू खाली असला की मी पहिले तुया चौकोन पाहतो. मंग बाकीचे. मांगच्या आठवड्यात अकराव्यात लाल झालं होतं. थोडाच वेळ, मंग आपोआप उतरलं. मी तुयाच चौकोनापाशी होतो. साफ करनाऱ्या बाईनं सांगितलं, भाऊ, तिकडं लाल झालं पाहा. अकराव्यातल्या मानसाले भाऊ नाई काय?"

 मी म्हटलं, "झालं ना आता? कोनी मेलं नाई ना? चूप बस. लेकरं आहेत तुले." मी त्याचा दंड धरला. "पट्ट्यावर टाकतीन. त्या धुळीत मरशीन, समजलं?"

"समजलं," तो म्हणाला आणि माझा हात सोडवून व्हरांड्यातून मॅनेजरच्या खोलीकडे चालू लागला. मी मागं. लंगडा माणूस, पण मला गाठता येईना, किंवा मला गाठायचं नसेल. दाराशी त्यानं वहाणा काढल्या. कोणी काढत नसे तिथं. आत गेला. माझ्या पाळीचा भोंगा झाला आणि मी खाली उतरलो. त्या दिवशी वर कोण बसलं होतं, मला माहीत नाही.

साहेबांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही, हे त्यांचे उपकारच. डोळ्यांची परीक्षा पुन्हा झाली, या वेळी पुस्तक पाठ न करता. रंग ओळखता येत नाहीत, असा शेरा बसला. दोन दिवसांत भाऊ पट्ट्यावर उभा होता. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. वहिनी बोलली, पण ती जे बोलली त्यापेक्षा माझं न बोलणं बरं होतं.

आणि त्या रंगीत पडद्याचं काय झालं? काही झालं नाही. त्याच्यासमोर एक चांगला, डोळस, सरळ माणूस बसला. लाल झालं की तो फोन लावायचा आणि माणसं वेळेत बाहेर यायची. आठ बाय आठच्या अक्षरानं कोणाचा घात झाला नाही. मी कितीतरी दिवस वाट पाहिली की काहीतरी बिघडेल, साहेबांचं तोंड उतरेल आणि माझ्या भावाचा तक्ता खरा ठरेल. मी स्वतः खाली असताना ही वाट पाहत होतो. रागानं माणूस कुठवर जातो बघा!

पट्ट्यावर भाऊ चांगला निघाला. कोळसा आणि दगड, सगळंच काळंकरडं, रंगाचा सवालच नाही. दगड हाताला जड आणि गार लागतो, कोळसा हलका. त्याचे हात भराभर चालत. मुकादम म्हणायचा, याच्यासारखा निवडणारा नाही. पण पट्टा चालू झाला की तिथं दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नसे, एवढी धूळ. आमची माणसं तोंडाला फडकं बांधत आणि संध्याकाळी काळं थुंकत. सगळेच थुंकत, म्हणून कोणी त्यावर बोलत नसे. भाऊ वाळला. खोकला आला नि गेला नाही. रोज सकाळी तो मागच्या मोरीत जाऊन बराच वेळ खोकायचा आणि बादलीभर पाणी ओतून परत यायचा. वहिनी म्हणायची दवाखान्यात चला. तो म्हणायचा, कोळसाच आहे, निघून जाईन.

वैशाख पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात गेलो. पांढरे कपडे घालून. भावाचा सदरा वहिनीनं नीळ देऊन धुतलेला. वंदना संपली, लोकं खिरीसाठी पंगतीत बसली आणि भावाला ढास लागली. त्यानं खिशातून रुमाल काढला, तोही पांढराच. खोकून झाल्यावर त्यानं रुमालाकडे पाहिलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवायला लागला. समोरच्या पंगतीत वाढणाऱ्या बायांचे हात थांबले. 

मी रुमाल त्याच्या हातातून घेतला. "हे कवापासून, भाऊ?"

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "काळंच त आहे ना बे. खानीतला मानूस आनखी काय थुंकन?"

"काळं नाई भाऊ."

"मंग?"

लहानपणापासून तो मला असं विचारत आला होता. झेंड्यापाशी, बाजारात, त्या पडद्यासमोर. मी म्हटलं, "लाल आहे."

 रुमाल माझ्याकडून परत घेऊन त्यानं अंगठ्यानं चाचपला. मग मान वर केली. मला वाटलं आता घाबरेल, रडेल, मला मिठी मारेल. त्याची नजर माझ्यावर नव्हती. तो वहिनीपलीकडे, खिरीची वाटी चाटत बसलेल्या पोरांकडे पाहत होता.

"पोट्ट्याइले घरातून काढ," तो मला म्हणाला. "आत्ता. टीबी असन हा. घरी नेऊच नको. पूर्ण हिवाळा माया कुशीत झोपले ते."

मी विहारातूनच दोघांना एस.टी. स्टँडवर नेलं आणि वैनगंगेपलीकडच्या गाडीत बसवलं. वहिनीचं माहेर तिकडं. तिथं सोडून मी दुसऱ्या दिवशी परतणार होतो. थोरला माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. धाकटी खिडकीला नाक लावून बसली होती, पांढरा झगा घालून. मूल गाव यायच्या आधी गाडीला धक्का बसला आणि ती बाहीत तोंड खुपसून खोकली. एकदाच. मग ती पुन्हा बाहेर बघायला लागली, आणि मी वैनगंगेच्या पुलापर्यंत तिच्या झग्याच्या बाहीकडे पाहत राहिलो.